शालूबाईंची शेवंती आणि आमदारांचा उजेड

दसरा तोंडावर आला तरी शालूबाईंच्या शेवंतीला कळी धरली नव्हती.

झाडं मात्र अशी माजली होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा. कमरेएवढी उंची, जाडजूड बुंधे, हिरवीगार पानं. फुलं सोडून सगळं काही होतं. शालूबाई रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी वावरात जायच्या, एकेका फांदीचा शेंडा बोटांत धरून निरखायच्या आणि परत येऊन चहात दोनदा साखर टाकायच्या. मधुकरराव तो पाक मुकाट्यानं प्यायचे. बोलायचे ते कप खाली ठेवल्यावर.

"शेवंती हाय का पालक?" एक दिवस त्यांनी विचारलं. "पालक असन तं सांग, जुड्या बांधून बाजारात नेतो."

बोलण्यासारखं जे होतं ते शालूबाई जूनमध्येच बोलून बसल्या होत्या आणि आता तेच अंगावर आलं होतं.

त्याचं असं झालं होतं. धामणखेडी हे सेलूपासून आत असलेलं भाजीपाल्याचं गाव. वांगी, भेंडी, कोथिंबीर, सगळं संध्याकाळी फाट्यावरून गाडीत भरून नागपूरला जातं. मधुकररावांच्या घरी कोणत्या तुकड्यात काय लावायचं हे मधुकरराव ठरवत आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील ठरवत. शालूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून निंदण केलं, तोडणी केली, क्रेट भरले, पण 'इथं हे लावू' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. यंदा निघालं. ताट वाढता वाढता त्या म्हणाल्या की फाट्याजवळच्या अर्ध्या एकरात शेवंती लावायची. मधुकरराव म्हणाले, तिथं तूर असते. शालूबाई म्हणाल्या, असते हे माहीत आहे, म्हणून तर शेवंती. मधुकररावांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी, मोठ्या मनानं असं त्यांना वाटत होतं, एक साल दिलं. फुलं बाजारात गेली तर तो तुकडा शालूबाईंचा, त्या म्हणतील ते त्यात लागेल. नाही गेली तर पुन्हा तूर, आणि हा विषय पुन्हा ताटावर यायचा नाही.

म्हणजे वावरात नुसती शेवंती उभी नव्हती. शालूबाईंचा शब्द उभा होता, आणि त्याला कळी येत नव्हती.

आता यांच्या मुलीकडे वळू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. आचल दहावीत होती. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देताना तिचा आवाज बाकाखाली जाऊन बसायचा. मग एकदा वक्तृत्व स्पर्धेला वर्गातून कुणीच नाव देईना, तेव्हा बाईंनी तिला हाताला धरून उभं केलं. ती बोलली, दुसरी आली, आणि तेव्हापासून तिला थांबवणं ही गावाची अडचण झाली. कंडक्टरशी ती सुट्या पैशांवरून नियमांची भाषा बोलायची. कीर्तनकार बुवांना तिनं भर कीर्तनात शंका विचारली होती.

तर जुलैमध्ये आमदार महादेवराव गावात आले. मतदारसंघात सगळे त्यांना भाऊ म्हणत. अधिवेशन संपलं की भाऊ गावोगाव फिरायचे आणि प्रत्येक मांडवात एकच प्रश्न विचारायचे, "बोला, काय पाहिजे?" सरपंच नानाजींनी समाजमंदिर मागितलं, मग नाली मागितली, मग घसा साफ करून पुन्हा समाजमंदिर मागितलं. एवढ्यात मागून आचल उठली. फाट्यावर सायंकाळी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही इतका अंधार असतो, असं तिनं सांगितलं. बसच्या ड्रायव्हरला हात दाखवलेला दिसत नाही, तो गाडी पुढे नेतो. बाया मोबाइलचा दिवा दातांत धरून वांगी निवडतात. शेवटी ती म्हणाली, "भाऊ, तुमी आमच्यासाठी मुंबईत उभे राह्यता. एक डाव फाट्यावर उभे राहून पाहा ना."

नानाजींनी डोळे मिटून घेतले. पण भाऊ खरंच गेले. अंधार पडेपर्यंत थांबले, फाट्यावर उभे राहिले, शेणात पाय पडला, तो रस्त्याच्या कडेला पुसला आणि म्हणाले, पोरगी बरोबर बोलते. पुढच्याच महिन्यात, पोळ्याच्या आधी, फाट्यावर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, उभा झाला. मागितलं आणि मिळालं, एवढ्या लवकर, ही गोष्ट गावाला इतकी नवी होती की काही म्हातारे आठवडाभर रोज जाऊन खांबाला हात लावून यायचे.

त्या दिव्यानं गाव बदललं हे कुणीही कबूल करील. बस थांबायला लागली. बायांच्या दातांतून मोबाइल सुटला आणि बोलणं सुरू झालं, त्यामुळे वांगी निवडायला उलट जास्त वेळ लागायला लागला. शिकवणीहून येणाऱ्या मुली आता घोळक्यानं पळत नव्हत्या, रमतगमत यायच्या. गाव त्याला 'आचलचा लाइट' म्हणायचं. भाऊंच्या कार्यकर्त्यांनी मात्र शंका राहू नये म्हणून खांबाजवळ, शालूबाईंच्या बांधाला लागून, भाऊंचा भलामोठा कटआउट उभा केला. हात वर करून हसणारे भाऊ आणि खाली 'अंधारातून प्रकाशाकडे'.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी आचल बसची वाट पाहत फाट्यावरच्या पुलाच्या कठड्यावर चढून बसली होती. तिथून आईचं वावर पूर्ण दिसायचं. बघता बघता तिला वाटलं की हिरव्यात एका ठिकाणी रंग जरा वेगळा आहे. ती उतरली, बांध ओलांडून आत गेली, आणि तिच्या हाताला कळ्या लागल्या. मोहरीएवढ्या, घट्ट, भरपूर कळ्या. ती आनंदानं पुढच्या झाडाकडे गेली, तिथंही होत्या. त्याच्या पुढच्या झाडाला मात्र एकही नाही. कुणी सुरीनं कापल्यासारख्या कळ्या तिथं संपत होत्या.

ती परत कठड्यावर चढली. कळ्यांचा जो पट्टा होता त्याला आकार होता. एक लांबुळकं डोकं, दोन खांदे आणि वर उचललेला एक हात. हात जरा जास्तच लांबला होता, पार विहिरीपर्यंत. आचलनं मागे वळून बघितलं. मागे भाऊ हात वर करून हसत होते.

बस आली, थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि शेवटी निघून गेली. आचल घरी पळाली.

तिनं आईला वावरात आणून दाखवलं. दिवा रात्रभर जळतो, कटआउटची सावली जिथं पडते तेवढ्याच जागी रात्र होते, आणि रात्र होते तेवढ्याच जागी कळी धरते, असं तिनं एका दमात सांगितलं. शालूबाईंनी एकदा कळ्यांना हात लावला, एकदा बिनकळीच्या झाडांना. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे बाकीच्याइले पोळ्यापासून कोणं झोपूच देल्लं नाई."

पुढचं वाक्य दोघींनाही माहीत होतं. दिवा आचलनं मागितला होता.

"मी जाऊन सांगतो भाऊले," आचल म्हणाली. वर्ध्याकडे मुलीही सांगतो, करतो असंच म्हणतात. "काढून टाका म्हणतो."

"खबरदार," शालूबाई म्हणाल्या. "त्या लाइटाखालून पोरी घरी येतात. माह्या फुलासाठी त्याइले अंधारात घालू का?" मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "पण आखरी बस गेली, भाजीची गाडी गेली, त्याच्यानंतर तो कोणासाठी जळते?"

कुणासाठीच नाही, हे उत्तर इतकं सोपं होतं की दोघींना हसू आलं. शेवटची गाडी गेली की दिवा बंद करायचा. बस. लाइनमन मुकेशला जाऊन सांगितलं की झालं.

मुकेशनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की या दिव्याला बटनच नाही. अंधार पडला की तो आपोआप लागतो आणि उजाडलं की आपोआप विझतो. पेटीला कुलूप आहे, किल्ली ठेकेदाराजवळ, ठेकेदार नागपूरला. आचलनं विचारलं की असं कसं, दिवा आहे तर बटन नको? मुकेश म्हणाला, "गावात बटन ठेवलं का लोकं लाइट बंद करतेत, असं वरून सांगतलं हाय."

"लोकाइचाच लाइट हाय ना मंग?"

"म्हणूनच तं," मुकेश म्हणाला, आणि आपण काहीतरी समजावून सांगितलं अशा समाधानानं निघून गेला.

नानाजींनी तर कानांवर हात ठेवले. गावाची नाली भाऊंच्या टेबलावर होती. अशा वेळी दिलेला दिवा विझवा म्हणणं म्हणजे हातावर ठेवलेला प्रसाद देवासमोरच परत करण्यासारखं आहे, असं त्यांचं मत पडलं. जायचं तर तुम्ही जा, पण मला विचारलं होतं असं सांगू नका, अशी परवानगी मात्र त्यांनी दिली.

म्हणून दसरा झाल्यावर मायलेकी सेलूला भाऊंच्या संपर्क कार्यालयात गेल्या. भाऊ दौऱ्यावर होते. कार्यालय चालवायचा निकेश, भाऊंचा पीए. चपळ माणूस. एका कानाला फोन, दुसऱ्या कानानं समोरच्याचं ऐकायचं, आणि दोन्हीकडे "होऊन जाईन" म्हणायचं. त्याच्याकडे माणसं दोन कामांसाठी यायची, काहीतरी मागायला किंवा काहीतरी मिळालं म्हणून हार घेऊन. या दोघी तिसऱ्याच कामासाठी आल्या होत्या आणि ते त्याच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती.

"लाइटाचं हाय," शालूबाईंनी सुरुवात केली.

"कमी पडते का?"

"नाई, जास्त होते."

निकेशनं पहिल्यांदा फोन कानापासून दूर केला. "जास्त असं काई नसते बाई," तो समजुतीनं म्हणाला. "लाइट एक तं कमी असते, नाई तं बंद असते."

"बंदच पाहिजे."

"बंद हाय?" निकेश उठून उभा राहिला. "भाऊनं लावलेला लाइट बंद हाय?"

आचलनं वक्तृत्व स्पर्धेसारखं मुद्देसूद सांगायला घेतलं. शेवंती, सावली, रात्र, कळी. निकेश मान हलवत होता, पण मधल्या काळात त्याचा फोन तीनदा वाजला. शेवटी त्याच्या ध्यानात एवढंच राहिलं की धामणखेडीच्या फाट्यावर दिव्याबद्दल बाया नाराज आहेत, अर्ध्या वावरात सावली पडते आणि ती सावली म्हणजे मोठी अडचण आहे. "होऊन जाईन," तो म्हणाला. "भाऊ बायांचं काम थांबवत नाईत."

आणि थांबवलं नाहीच. आठवड्याच्या आत गाडी आली, खड्डा खणला आणि शालूबाईंच्या वावराच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीजवळ, दुसरा हायमास्ट उभा राहिला. म्हणजे पहिल्या दिव्याची जी थोडी सावली पडत होती तिच्यावर आता दुसऱ्याचा उजेड. डोकं, खांदे आणि हात, एवढी एकच जागा कळ्यांची होती. तीही गेली.

त्या संध्याकाळी शालूबाई जेवल्या नाहीत. मधुकररावांना बोलायची संधी इतकी चांगली होती की ती घ्यायचीही त्यांना लाज वाटली असावी. "तूर एवढी वाईट नसते," एवढंच ते शेवटी म्हणाले.

आचल ओसरीवर बसून होती. रागावायचं कुणावर, हेच तिला कळत नव्हतं. भाऊ काम करत होते. निकेश काम करत होता. तिनं मागितलं तेव्हा दिलं, आईनं नको म्हटलं तेव्हा आणखी दिलं. मागणाऱ्याचं ऐकायला माणसं होती, पण मिळाल्यानंतर काय झालं हे ऐकायला कुणालाच नेमलेलं नव्हतं. ती जितका विचार करी तितकं तिला वाटे की आपण भाषण छान केलं, पण अर्धंच केलं.

सकाळी कार्यकर्ते आले आणि त्यांनी दुसऱ्या खांबाजवळ आभाराचा दुसरा फ्लेक्स बांधला. दुसऱ्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा वावराच्या त्या टोकाला एक छानसा चौकोनी अंधार पडला. आचल त्या अंधाराकडे बराच वेळ बघत राहिली. मग आत येऊन तिनं आईला सांगितलं, "आई, लाइट कमी होणं तं कठीण हाय. पण भाऊ वाढवता येते."

तिनं निकेशला फोन केला. या वेळी मुद्देसूद काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली की दोन दोन दिवे मिळाले, महिलांची भाऊंचे आभार मानायची फार इच्छा आहे, पण गावात फ्लेक्स कमी पडतात. एवढ्या वर्षांत कुणी स्वतःहून फ्लेक्स मागितला नव्हता. निकेशचा आवाज बदलला. दुपारी टेम्पो आला. नवे होते, जुने होते. वाढदिवसाचे, रक्षाबंधनाचे, नववर्षाचे, बारावीत उत्तीर्ण झालेल्यांच्या अभिनंदनाचे, सगळ्यांवर भाऊ.

बांबू रोवायला मधुकररावांना उतरावं लागलं. सुरुवातीला त्यांनी खड्डे असे खणले की जणू शेजाऱ्याचे आहेत. पण एकदा सावलीचं गणित डोक्यात बसलं की शेतकऱ्याला राहवत नाही. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा ते बांधावर उभे राहून सांगायला लागले, "रक्षाबंधनवाल्या भाऊले जरा डाव्या अंगाले घ्या. वाढदिवसवाला तिरपा करा, तिसरी ओळ उघडी पडून राह्यली." असं करत करत वावराच्या दोन्ही बाजूंना भाऊंची रांग लागली. शेवंतीवर रात्र झाली. थोडी फाटकी, मधून मधून भोकं असलेली, पण रात्र.

आता गावात असं काही झालं आणि त्याचा अर्थ कुणी लावला नाही असं होत नाही. चारच दिवसांत बातमी पसरली की शालूबाई पंचायत समितीला उभ्या राहतात. ज्या बाया त्यांना 'आचलची माय' म्हणायच्या त्या 'ताई' म्हणायला लागल्या. नानाजी रस्त्यात थांबून विचारून गेले की मी तुमचं काही वाईट केलं का. विरुद्ध पक्षाचे एक पुढारी तर संध्याकाळी घरी येऊन बसले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग ते म्हणाले की ताई, तुम्ही चुकीच्या माणसाच्या मागे लागल्या आहात. आमच्याकडे या. आम्हीही कार्यकर्त्यांची कदर करतो, फ्लेक्सही लावतो.

शालूबाईंनी पदर सारखा केला आणि मनापासून विचारलं, "तुमचे फ्लेक्स किती उंच असतेत?"

पुढारी दचकले. एवढा रोखठोक सौदा त्यांच्यासमोर कुणी केला नव्हता. त्यांनी हात वर करून दाखवला. "भाऊचे याच्याहून उंच हायेत," शालूबाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी चहा विचारला. पुढारी उठून गेले, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात असं पसरलं की शालूबाई फार पोचलेल्या आहेत.

ही बातमी अर्थातच भाऊंपर्यंत गेली. आपल्याला न विचारता आपल्या पक्षातून कुणी तयारी करत आहे, आणि तेही आपल्याच फोटोंनी, हे कोणत्याही आमदाराला झोप न येण्यासारखं होतं. एका संध्याकाळी त्यांची गाडी फाट्यावर येऊन थांबली. निकेश मागून उतरला. दिवे लागलेले होते. भाऊंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःला बघितलं. काळे केस असलेले भाऊ होते, पिकलेले होते, चष्मावाले, बिनचष्म्याचे, एका ठिकाणी तर ते राखी बांधून घेत होते.

"निकेश," ते हळू आवाजात म्हणाले, "इतके फोटो तं माह्या घरीबी नाईत."

फाट्यावर वांगी भरणाऱ्या बाया थांबल्या. शालूबाई हातातला क्रेट ठेवून पुढे आल्या. भाऊंनी नमस्कार केला आणि हसत, पण डोळे न हसवता, विचारलं की ताई, उभ्या राहता का तुम्ही?

"मी तं दिवसभर उभीच असतो भाऊ," शालूबाई म्हणाल्या. "बसायले कुठं मिळते?" आणि मग त्यांना कळलं की प्रश्न कशाचा आहे, तेव्हा त्या गोंधळल्या. मागे वळून त्यांनी आचलकडे बघितलं. आचलच्या जिभेवर भाषण तयार होतं, सुरुवात, मध्य आणि शेवटासकट. पण आईचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. ही गोष्ट तिची नव्हती.

शालूबाई भाऊंना बांधावरून आत घेऊन गेल्या. त्यांनी एक फांदी वाकवली. नव्या सावलीत आता पुन्हा कळ्या दिसायला लागल्या होत्या, पहिल्यासारख्याच, मोहरीएवढ्या. फ्लेक्सच्या मधल्या फटीतून जिथं उजेड येत होता तिथं नुसती पानं होती. भाऊ शेतकऱ्याच्या घरचे होते. त्यांनी स्वतःच पुढच्या चार फांद्या बघितल्या, मग आपल्या फोटोकडे बघितलं, मग दिव्याकडे.

"म्हणजे हे आभार नाईत," ते म्हणाले.

"आभार हायेतच भाऊ," शालूबाई म्हणाल्या. "तुमच्या लाइटानं पोरी घरी येतात. पण माह्या झाडाइले तुमची सावली पाहिजे होती."

निकेश मध्ये पडून सांगायला लागला की महिलांची मागणी आली तशी लगेच पूर्ण केली होती. भाऊंनी हातानंच त्याला थांबवलं. मग ते म्हणाले, आणि हे मांडवातल्या आवाजात म्हणाले नाहीत, की त्यांच्याकडे मागायला येणाऱ्यांची रांग रोज असते, पण दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं हे सांगायला कुणी येत नाही. सभागृह दिलं ते उघडतं का, रस्ता दिला तो कुठे जातो, हे त्यांना पुढच्या निवडणुकीतच कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मग सवयीनं त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"बोला, काय पाहिजे?"

"बटन," शालूबाई म्हणाल्या. "बंद करायचं."

निकेशला मनापासून काळजी वाटली. रस्त्याचं लोकार्पण होतं, दिव्याचं होतं. बटनाचं कसं करायचं, असं त्यानं भाऊंच्या कानात विचारलं. भाऊ म्हणाले, जसं आहे तसं.

म्हणून दिवाळीच्या आधी धामणखेडीच्या फाट्यावर असा कार्यक्रम झाला की तसा मतदारसंघात आधी झाला नव्हता. ठेकेदार स्वतः किल्ली घेऊन आला. फाट्यावरच्या खांबाला, हाताला येईल अशा उंचीवर, दोन्ही दिव्यांची मिळून एक पेटी बसवली. शेवटची बस गेली, भाजीची गाडी गेली, बाया कठड्यावर बसल्या. नारळ फुटला. भाऊंनी बटन दाबलं आणि सगळीकडे गुडुप अंधार झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला वाजवतो आहोत हे दिसत नव्हतं, तरी वाजवल्या. भाऊंच्या पायातली एक चप्पल नालीच्या खड्ड्यात गेली, ती शोधायला कुणी धावलं नाही, कारण गेली हेही कुणाला दिसलं नाही. त्यांच्यासाठी मांडलेली खुर्ची सापडेना, म्हणून ते चाचपडत कठड्यावर येऊन टेकले. कुणी उठून जागा दिली नाही. शेजारची बाई त्यांना दुसरी बाईच समजून सांगत राहिली की नालीचं काही खरं नाही, हे आमदार लोक नुसते येतात आणि जातात. भाऊंनी हूं हूं म्हणत सगळं ऐकून घेतलं. निकेशनं काढलेला फोटो पूर्ण काळा आला. तोच त्यानं ग्रुपवर टाकला आणि सवयीप्रमाणे त्याखाली अभिनंदनाची रांग लागली.

वावराकडून शालूबाईंचा आवाज आला. त्या झाडांशी बोलत होत्या. "निजा आता," एवढंच ऐकू आलं.

त्यानंतर रोज शेवटची गाडी गेली की शालूबाई बटन दाबायच्या, मग घरी यायच्या. दिवाळी आली. जिल्ह्यातली सगळी शेवंती एकाच आठवड्यात फुलली, बाजारात ढीग लागले, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी शेतकरी न खपलेली फुलं तशीच ओट्यावर टाकून घरी गेले. शालूबाईंच्या कळ्या तेव्हा वाटाण्याएवढ्या होत्या. भाऊबिजेच्या ताटावर मधुकररावांनी विषय काढला. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, पण शब्द तो शब्द.

"दिवाळी गेली," ते म्हणाले.

"तुमी फुलं म्हटलं होतं," शालूबाई भात वाढत म्हणाल्या. "दिवाळी नाई म्हटलं होतं."

मधुकररावांनी आठवून बघितलं. खरंच म्हटलं नव्हतं.

मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार जवळ आला. घरोघरी पूजा मांडायची, त्यात लग्नसराई लागलेली, आणि बाजारात शेवंती औषधालाही नाही. तेव्हा धामणखेडीच्या फाट्यावरचा तो अर्धा एकर पिवळाधमक झाला. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबायच्या. वर्ध्याचा फुलांचा व्यापारी कधी कुणाच्या बांधावर आल्याचं ऐकिवात नव्हतं, तो येऊन बांधावर बसला. शालूबाईंनी त्याला बसू दिलं. पहिला तोडा गेला त्या दिवशी आचलनं सगळ्या फ्लेक्सचे दोर सोडले. भाऊ एकेक करून खाली उतरले आणि मागची फुलं रस्त्याला दिसायला लागली.

दोन दिवसांनी सकाळी मधुकररावांनी चहा घेतला. साखर बरोबर होती. कप खाली ठेवला.

"आचलची माय," ते म्हणाले, "पुढच्या साली मावळतीच्या बाजूच्या वावरातबी शेवंतीच लावू म्हणतो. सगळ्याइची दिवाळीले येते, आपली मागून आली पाहिजे. तू भाऊले एक शब्द टाक ना. तिकडंबी एक लाइट देतीन."

आचलनं पुस्तकातून मान वर केली. शालूबाईंनी कप उचलला, विसळला, पालथा घातला.

"टाकतो की," त्या म्हणाल्या. "पण त्याचं बटन कोणाच्या हातात राहीन, ते आधी सांगा."